कुंडमला डेपो नाही

खोटं बोलणारा माणूस एक वेळ परवडला, पण माहीत नसताना सांगणारा परवडत नाही, असं एकताचे वडील रामराव नेहमी म्हणत. जन्मभर ते जबलपूरच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसून उत्तरं देत आले होते. त्यांच्या मांडीवर बसून एकता बाराखडीच्या आधी बसचं टाइमटेबल शिकली.

म्हणून डिसेंबरच्या त्या धुकट सकाळी शहपुऱ्याच्या बसमध्ये बसल्या बसल्या तिने खिडकीबाहेर पाहिलं आणि तिचा जीव कळवळला. एक उंच तरुण एका म्हातारीचं बोचकं उचलून अगदी ठणकावून सांगत होता, "कुंडम? यही बस है अम्मा, बैठिए."

कुंडम एका टोकाला, शहपुरा दुसऱ्या. एकता खाली उतरली, म्हातारीला हाताला धरून कुंडमच्या बसमध्ये बसवून आली. परत येऊन बघते, तर तिच्याच जागेवर तो तरुण आरामात बसून फोनवर आईला सांगत होता की पोचलो जी, काळजी करू नको.

आपला मराठी माणूस म्हटल्यावर तिने मराठीतच झाडलं. ही बस कुंडमला जाते असं त्याला कोणी सांगितलं?

"कोणीच नाही," तो उठत म्हणाला. "पण अम्मा इतक्या आशेनं पाहून राहिली होती... नाही म्हणवलं नाही मला."

आणि तो हसला. हसताना त्याचे कान किंचित वर सरकत. एकताने ते पाहिलं, आणि हे आपण पाहायला नको होतं असंही तिला वाटून गेलं.

एकता शहपुऱ्याच्या रस्त्यावर नारायणरावांच्या कारखान्यात होती. तिथे मटार सोलून, गोठवून, पाकिटांत भरून देशभर जायचा, आणि कुठे किती गेला याचे आकडे तिच्या ताब्यात असायचे. यंदा नारायणरावांच्या मनाने घेतलं होतं की आपण कॉम्प्युटरला साध्या बोलीत प्रश्न विचारायचा आणि त्याने कंपनीच्या आकड्यांतून तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. मात्र ज्याला जेवढं बघायची परवानगी, त्याला तेवढंच दिसायला हवं. असं एआयवालं सॉफ्टवेअर निवडायचं काम एकताकडे आलं. चुकीचं निवडलं तर पुढे खापर फुटायलाही तिचंच डोकं होतं.

तीन कंपन्या आल्या. पहिलीचं सॉफ्टवेअर इतकं सोवळं, की त्याने खुद्द नारायणरावांनाच "आपल्याला ही माहिती बघण्याची परवानगी नाही" असं सुनावलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसरं अचूक होतं, पण फार चौकस. विक्री किती झाली असं विचारलं, तर ते उलट विचारायचं, विक्री म्हणजे पाठवलेला माल, की परत आलेला वजा करून? "हे तर लीलाबाई मला घरी करून राहिल्या, इथं पैसे देऊन काहून घेऊ?" असं नारायणराव म्हणाले. लीलाबाई म्हणजे त्यांच्या पत्नी.

तिसऱ्या कंपनीचा माणूस दार लोटून आत आला, आणि त्याचे कान वर सरकले. नाव ललित, मुक्काम नागपूर.

पुढचे काही दिवस ललित रोज त्याच बसने कारखान्यात येऊ लागला. खिडकीची जागा तिच्यासाठी धरून ठेवायचा आणि वाटेत शेतकऱ्यांकडून घेतलेल्या कोवळ्या शेंगा सोलून तिच्यापुढे करायचा. बाहेर धुकं, आत मटाराचा हिरवा गोड वास... एकता दाणे खाताना त्याच्याकडे न बघण्याची फार काळजी घेई.

"तुमचं सॉफ्टवेअर कधी चुकतं?" तिने एकदा विचारलं.

"कधीच नाही."

"अच्छा. आणि तुम्ही?"

"एकदाच चुकलो. पण त्या चुकीनं तुमची ओळख झाली... आता ती चूक धरायची का नाही, ते तुम्ही ठरवा."

ती खिडकीबाहेर पाहू लागली. कानशिलं तापली होती, पण दोष थंडीच्या माथी मारता आला.

त्याचं सॉफ्टवेअर निवडलं, तर ते बसवायला तो उन्हाळ्यापर्यंत जबलपुरात राहणार होता. नाही निवडलं, तर सामान उचलून परत नागपूर. हे त्याने सहज सांगितलं, आणि तेव्हापासून ते पास व्हावं म्हणून एकता मनातल्या मनात देव पाण्यात घालून बसली होती.

शेवटच्या परीक्षेला नारायणराव आणि हिशेबाच्या प्रमोदिनीताई हजर होते. ललितच्या सॉफ्टवेअरने झटपट, गोड भाषेत उत्तरं दिली. गोदामाच्या माणसाच्या नावाने आत शिरून सगळ्यांचे पगार विचारले, तर त्याने नम्रपणे नकार दिला. नारायणराव खिशातलं पेन चाचपू लागले. एकच प्रश्न उरला होता. तो फसवा प्रश्न एकताने त्या पहिल्या दिवशीच्या म्हातारीवरूनच काढला होता आणि आधीच्या दोघांनाही घातला होता; ते दोघंही फसले नव्हते. आज गाळला असता, तर कोणाला कळलंही नसतं.

तिला तो गाळायचा होता. फार गाळायचा होता. रामरावांची पोर नसती, तर गाळलाही असता.

तिने टाइप केलं, 'कुंडमच्या डेपोतून गेल्या वर्षी किती मटार विकला गेला?'

क्षणात उत्तर आलं, चारशे बारा क्विंटल, आधीच्या वर्षापेक्षा बारा टक्के वाढ. सोबत रंगीत आलेखही होता.

"वा, कुंडमवाले बढिया काम करून राहिले," नारायणराव म्हणाले.

कुंडमला आपला डेपोच नाही, हे प्रमोदिनीताईंनी त्यांच्या लक्षात आणून दिलं.

"नसेल तर काढू ना जी. मागणी दिसून राहिली आहे."

एकताने ललितकडे पाहिलं. दुरुस्त होईल, किरकोळ आहे, पुढच्या आठवड्यात करून देतो, ही सगळी वाक्यं त्याच्या जिभेवर तयार असणार. त्याने तोंड उघडलं... आणि मिटलं.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "हा आकडा कुठून आला, मला माहीत नाही. यानं नाही म्हणायला पाहिजे होतं. दुसऱ्या कंपनीचं घ्या. ते, तुम्हीच म्हणता तसं, विचारून विचारून जीव खाईल, पण चुकीच्या बसमध्ये नाही बसवणार."

नारायणरावांनी दुसऱ्या कंपनीच्या कागदावर सही केली. एकताचं काम चोख झालं होतं, आणि तिला रडू येत होतं.

संध्याकाळी ती त्याच्यासोबत बसस्टँडवर आली. बाबांना डबा द्यायचाय, असं तिने सांगितलं. डबा कारखान्यातच राहिला होता. नागपूरची बस लागलेली होती. ललित बॅग घेऊन उभा होता. एवढ्यात मागून आवाज आला, "भैया, कुंडम की बस कौन सी?"

तीच म्हातारी, तेच बोचकं.

"अम्मा, मुझे नहीं मालूम," ललित म्हणाला. "आप दी..." तो अडखळला, लाल झाला. "आप इनसे पूछिए."

एकताने म्हातारीला बस दाखवली. मग ती त्याच्याकडे वळली. "दीदी काहून नाही म्हणालात?"

"म्हणवलं नाही."

"काहून?"

"नोकरी राहील का, मला माहीत नाही. आईला काय सांगू, तेही माहीत नाही," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "एकच पक्कं माहीत आहे... तुम्ही मला आवडता. आणि तुम्ही तो प्रश्न विचारला ना, तेव्हापासून तर फारच."

"मी तुम्हाला नापास केलं."

"म्हणूनच."

एकताला हसू आलं, रडूही आलं. मलाही आवडता, असं ती म्हणाली, पण नेमका त्याच वेळी नागपूरच्या बसने हॉर्न दिला आणि तिला तेच पुन्हा, मोठ्यांदा म्हणावं लागलं. आजूबाजूच्या चार प्रवाशांनी वळून पाहिलं. बस निघून गेली.

ललित भानावर आला. "पुढची नागपूरची बस किती वाजता आहे?"

एकताला जबलपुरातून सुटणारी प्रत्येक बस तोंडपाठ होती. चौकशीची खिडकीही हाकेच्या अंतरावर होती.

"माहीत नाही," ती म्हणाली.

खिडकीत रामराव पुढच्या बसची घोषणा करायला माइक तोंडाशी घेऊन बसले होते. त्यांनी पोरीकडे पाहिलं, तिच्यासमोरच्या मुलाकडे पाहिलं, आणि माइक खाली ठेवून चहा मागवला.