मनालीच्या वाफ्यातला वेल

शेवंतीच्या वाफ्यात ते आगंतुक रोप उगवलं आणि मनालीने तण समजून ते उपटलं नाही, एवढंच तिचं बागकामातलं कर्तृत्व. त्र्याण्णव साली बाबांची बदली झाली, म्हणून साताऱ्याची ही मंडळी नेरूळला, सिडकोच्या इमारतीत तळमजल्यावर राहायला आली. खिडकीखालच्या चिमूटभर जागेत फुलबाग करायचं वेड मनालीने घेतलं. माती आणली शेजारच्या शिरवणे गावातून; तिथे शेतात एका इमारतीचा पाया खणत होते. आता त्या मातीतून काय काय निघेल, कोणी सांगावं!

रोपाचा वेल झाला. पानांची टोकं लांब होत, वळत आणि सापडेल ते घट्ट धरून ठेवत — काठी, कुंपणाची तार, एकदा तर मनालीची ओढणी. ती सोडवताना तिला दिसलं, कुंपणापलीकडे एक तरुण टक लावून उभा आहे.

"काही हवंय?" तिने जरा जोरातच विचारलं.

"तुमच्याकडे नाय बघत," तो गडबडला. "त्या वेलाकडे बघतोय."

आता यात वाईट वाटण्यासारखं काय होतं? पण वाटलं खरं.

तो दिपेश. शिरवण्याचाच, वाशीला बँकेत नोकरीला. वेलाचं नाव त्याला ठाऊक होतं, पण सांगेना. फूल येऊ दे, मग सांगतो, म्हणाला. मनालीने शेजारणींना विचारलं, वाचनालयातून पुस्तकं आणून पानं पडताळली, पण असं टोकाला वळलेलं पान काही कुठे सापडेना. रोज संध्याकाळी बसमधून उतरून तो कुंपणाशी यायचा. विषारी आहे का, ती विचारायची. कंद विषारी असतो, खणू नका, तो सांगायचा. मग नाव लपवता कशाला? त्यावर नुसता हसायचा. आता तिला वेलापेक्षा त्या हसण्याचंच कोडं जास्त पडलं होतं. तो आला नाही, की त्या दिवशी वेलाला उगाच दोनदा पाणी मिळायचं.

श्रावण सरता सरता कळी उमलली. फुलाची मान खाली, पाकळ्या मात्र वर उलटलेल्या. आधी पिवळ्या, मग केशरी, मग लालभडक.

"आता सांगा," मनाली म्हणाली.

"गौरीचे हात. आमी गौर बांधतो ना, तिला याच फुलांचे हात लावतो. पूर्वी गावात बांधाबांधावर असायची. आता बांधच नाय राहिले... मागच्या वर्षी आई पार उरणला जाऊन रिकामी आली." तो अडखळला. "दुसरं नाव कळलावी. घरात भांडणं लावते म्हणतात. आधी सांगितलं असतं, तर तुमी उपटली असती."

"आणि तुमचं येणंही थांबलं असतं."

"ते... हो. खरं कारण तेच."

मनाली लाजली, पण नजर खाली घेतली नाही.

कळलावी हे नाव बाबांच्या कानावर जायला काय वेळ? बाबांनी विळाच काढला. ही अवदसा दारात नको, म्हणाले. मनाली वेलापुढे उभी राहिली. बापलेकीचा आवाज कधी नव्हे इतका चढला आणि बाबांना आयताच पुरावा मिळाला — लागलं की नाही भांडण? शेवटी आईने विळा काढून घेतला. देवीच्या कामाचं झाड गौरीच्या तोंडावर कापायचं नाही, तिने बजावलं.

गौरी यायच्या दिवशी मनाली ओल्या रुमालात फुलं गुंडाळून शिरवण्याला गेली. दिपेशची आई, पुतळाबाई, तेरड्याची गौर बांधत बसली होती. फुलं बघून तिने मनालीची हनुवटी धरली.

"किती वरसांनी माजे गवरीला हात आले गो बाय," ती म्हणाली आणि पदराने डोळे टिपू लागली.

दिपेश मनालीला रस्त्यापर्यंत सोडायला आला. "वेल आता सुकेल," तो म्हणाला. "कंद राहतो, पुढच्या वर्षी परत येईल. पण तुझे बाबा ठेवतील?"

तुझे! मनालीची कानशिलं तापली.

"वेलाचं आई बघून घेईल. तू पितृपक्ष सरला की तुझ्या आईला घेऊन आमच्याकडे ये. फुलं मागायला नाही... मला मागायला."

"आणि तुझे बाबा भांडले तर?"

"भांडतीलच," मनाली म्हणाली. "मी तुझ्या बाजूने भांडेन."