वाऱ्याच्या उलट जाणारं मोरपीस

“सावली! तुझी सावली पाण्यावर पडून राहिली वं!” कृष्णकांत दबक्या आवाजात खेकसला. “मासा वर पाह्यते. सावली दिसली का पळते!”

पुष्पलता दचकून मागे सरकली. सरकताना पाय आपटला.

“आन् पाय आपटू नको! मासे जमिनीतूनबी ऐकतेत!”

“सगळ्यात मोठ्यानं तर तूच ओरडून राहिला, दादा,” लहानू म्हणाला. वच्छला फिसकन हसली.

कृष्णकांतला राग आला. दिवाळीच्या सुट्टीत आजोबांच्या, म्हणजे नानाजींच्या, बोडीवर मासे धरायचे, हा बेत त्याचा. बोडी म्हणजे छोटंसं तळंच. त्या काळी नागपूरच्या नंदनवनात घरं मोजकी होती. घरांमागे शेतं आणि शेतांना लागून ही बोडी. कृष्णकांतने आजवर धरलेले मासे मोजके, पण नियम ढीगभर! गळाला गांडूळ असं लाव की टोक दिसू नये. पहिल्या झटक्याला ओढू नको, दोरीला बांधलेला मोरपिसाचा तरंगता देठ पाण्याखाली गेला की मगच ओढ. आणि बोलू नको, बोलू नको, बोलू नको.

“हिले तिकडं बसव,” वच्छला म्हणाली. “बांधाच्या टोकाले, बाभळीपाशी. इथं ही आपले मासे पळवते.”

झालं. पुष्पलता आपली काठी घेऊन निघाली. तिला कुणी थांबवलं नाही.

ती उमरेडची. आईला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात ठेवलं होतं, म्हणून ती नंदनवनात, या तिघांच्या शेजारी, मामाकडे आली होती. लहान मुलांना आत सोडत नसत. रोज संध्याकाळी मामा डबा घेऊन वर जायचे आणि ती खाली, खिडकीसमोर उभी राहायची. आई खिडकीत येऊन हात हलवायची. मग मामा खाली येऊन सांगायचे, “आई विचारून राहिली, तुले मैतर भेटले का?”

“भेटले म्हणा. खूप भेटले. आम्ही मिळून मासे धरतो,” ती सांगायची. ते खोटं होतं. खिडकीतून आईला काय दिसत होतं? एकटी उभी असलेली पोरगी!

बाभळीखाली ती तीन दिवस बसली. तिच्या काठीला दुकानातली दोरी नव्हती. आईच्या हातमागावरचं सूत तिपेडी वळून तिने लावलं होतं. ते बोटात धरलं की आई जवळ असल्यासारखं वाटे, आणि मग जास्तच एकटं वाटे. पलीकडून लहानूचं खिदळणं ऐकू यायचं. बोलायला कुणीच नाही, तेव्हा ती मोरपिसाकडे बघत राहायची.

म्हणूनच तिला ते दिसलं. वारा तिच्याकडून तळ्याच्या मध्याकडे वाहत होता, तरी मोरपीस उलटं बांधाकडे यायचं! ती गळ लांब टाकायची, तरी ते हळूहळू फिरत त्याच बाभळीच्या मुळाशी येऊन थांबायचं. तिने एक वाळकं पान टाकलं. तेही तिकडेच आलं. असं का?

तिसऱ्या दिवशी मोरपीस पाण्याखाली गेलं.

“लागला! मासा लागला!” ती सगळे नियम विसरून ओरडली.

तिघंही धावत आले. तिच्यासाठी ते पहिल्यांदाच धावले होते.

“झटके देऊन राहिला का?” कृष्णकांतने विचारलं.

“नाही. नुसतं ओढून राहिलं. मागावरचा ताणा ओढल्यावानी.”

तेवढ्यात सूत तुटलं. मोरपीस, गळ, सगळं गेलं.

“मुळात अडकलं असंल! मासा कुठला!” वच्छला हसली. तिघंही परत गेले.

पुष्पलताला रडू आलं. ते कुणाला दिसू नये म्हणून ती बांध उतरून पलीकडे गेली. तिथे रस्त्यासाठी मुरूम खोदणं चालू होतं. मुकादम रुपराव मजुरांकडून बांधाचाच पायथा कोरून घेत होते; मुरूम जवळचा, मेहनत कमी! खड्ड्यात गढूळ पाणी साचलं होतं आणि त्या पाण्यावर तिचं मोरपीस तरंगत होतं. आईचं सूत अजून त्याला बांधलेलं होतं.

ती जीव खाऊन वर धावली. कृष्णकांतने मोरपीस हातात घेतलं, सुताची गाठ पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. “बापरे! बांधाले आरपार भोक पडलं!”

चौघंही रुपरावांकडे गेले.

“पाझर आहे तो!” रुपराव खेकसले. “बोडीले पाझर राहतेच. मी तर तेच पाणी गाळून चहा करून राहिलो. चला, पळा!”

पालथ्या घड्यावर पाणी! खाली मजुरांच्या झोपड्या होत्या, बाहेर पोरं खेळत होती. बांध फुटला तर?

“मामाकडं सूत रंगवलेलं लाल पाणी उरलं आहे,” पुष्पलता हळूच म्हणाली. “ते बाभळीपाशी ओतलं तर?”

“मासे लाल होतीन का?” लहानूने काळजीने विचारलं.

“तू गप!”

दोन बादल्या आल्या. लाल पाणी गोल फिरलं आणि बाभळीच्या मुळाखाली गडप झालं. चौघं बांधावर पालथे पडून वाट बघू लागले. खाली रुपरावांनी चहासाठी खड्ड्यातून पातेलं भरून घेतलं, आत बघितलं आणि ते किंचाळले, “रक्त! अरे बाप्पा, रक्त!”

“पाझर आहे तो, रुपरावजी!” कृष्णकांत वरून ओरडला. “वरून रंग आम्हीच ओतला!”

आरडाओरडा ऐकून नानाजी काठी टेकत आले. लाल पाणी बघताच त्यांना सगळं कळलं. झोपड्या रिकाम्या झाल्या. मातीची पोती आली. अंधार पडायच्या आत भोक बुजलं, आणि कोरलेला पायथा रुपरावांना स्वतः घमेली वाहून भरावा लागला.

“शाब्बास, पोरांनो! मोठ्यांले दिसलं नाही ते तुम्ही पाह्यलं,” नानाजी म्हणाले. “पहिले कोनाच्या ध्यानात आलं?”

“हिच्या,” कृष्णकांत म्हणाला. मग मान खाली घालून पुढे म्हणाला, “आम्ही तिले तिकडं एकटं बसवलं होतं.”

“काहून?” नानाजींनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी वच्छलाने आपल्या शेजारची जागा झाडून ठेवली होती. “इथं बस वं.” कृष्णकांतने नवा गळ दिला आणि एकही नियम सांगितला नाही. दुपारी पुष्पलताला बोटाएवढी मासोळी मिळाली. मामींनी तिचा चमचाभर रस्सा करून डब्यात घातला.

संध्याकाळी ती खिडकीसमोर उभी राहिली. आई आली. पण आज आईने हात हलवला नाही. ती बोट पुढे करून काहीतरी मोजू लागली. पुष्पलताने मागे वळून पाहिलं.

मागे कृष्णकांत, वच्छला आणि लहानू उभे होते. नंदनवनातून पायी आले होते, धुळीने माखलेले.

“आम्ही इथंच थांबतो,” लहानू कुजबुजला. “सावली पडून नाही राहिली न?”

वर खिडकीत आई हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती.