उजव्या पंखावरचं वजन

तिकीट काढून विमान पाहायला कुणी येत नाही; विमानातून कुणी पडतंय का, ते पाहायला येतात. नेब्रास्कातल्या गावोगावी विमान उडवून लेम हॅस्केट एवढं नक्की शिकला होता. म्हणून तर त्याची धाकटी बहीण ओपल जिवावर उदार होऊन उडत्या विमानाच्या पंखावर चालायची, आणि म्हणूनच त्यांचा जाहिरातवाला पर्डी याने बुजगावण्याची युक्ती काढली होती.

युक्ती सोपी. गवत भरलेलं, ओपलचेच कपडे घातलेलं बुजगावणं पुढच्या बैठकीत दडवायचं. ओपलने पंखावर जाऊन हात हलवायचा. विमान सूर्याकडे वळलं की लोकांचे डोळे दिपायचे. तेवढ्यात तिने परत येऊन बैठकीत वाकायचं आणि बुजगावणं खाली ढकलायचं. बायका किंचाळायच्या, माणसं शेतात धावायची. विमान उतरलं की ओपल उभी राहून हात हलवायची. लोक आधी शिव्या द्यायचे, मग हसायचे, आणि पुढच्या गावात बातमी यांच्याआधी पोचलेली असायची.

लेम मागच्या बैठकीत असायचा. इंजिनाच्या आवाजात बोलणं शक्य नव्हतं, पण बहीण कुठे आहे ते त्याच्या मुठीला कळायचं. ती उजव्या पंखावर गेली की विमान तिकडे कलायचं आणि ते सरळ ठेवायला सुकाणूचा दांडा डावीकडे रेटून धरावा लागायचा. हात भरून यायचा, पण त्या भाराची त्याला सोबत वाटे. आईबाप गेल्यावर त्याला एवढं एकच माणूस उरलं होतं.

जुलैत तो भार कमी वाटायला लागला.

"जेवत नाहीस का गं?" त्याने विचारलं.

"तुझ्या वाटचं कणीसही खाल्लं मी आत्ता," ओपल म्हणाली. "विमान सरावलंय मला. घोडं नाही का सरावत?"

मग एका गावात दोन शेतकऱ्यांनी बुजगावणं परत आणलं. एकाने खांदे धरले होते, दुसऱ्याने पाय.

"ओलं गवत भरता का रे?" थोरला धापा टाकत म्हणाला.

लेमने शिवण उसवून पाहिली. आत सुकं, करकरीत गवत होतं. तो ते एकट्याने उचलायला गेला, तर कमरेत कळ आली.

पुढच्या गावी, हार्लो क्रीकला, तो पर्डीला म्हणाला, "आज बुजगावणं नको."

"ओमाहाहून फोटोवाला आणलाय मी! आणि तू गवताला घाबरतोस?"

"मला तिची काळजी वाटतेय."

"तिला विचारलंस का?" पर्डी म्हणाला.

ओपलने टोपीचा पट्टा आवळला. "चल रे म्हाताऱ्या. लोक उन्हात उभे आहेत."

तिच्यापुढे त्याचं कधी चाललं होतं? त्याने इंजिन सुरू केलं.

वर गेल्यावर ओपल बैठकीतून बाहेर आली, पंखांमधल्या तारा धरत उजव्या पंखाच्या टोकाशी गेली. लेमने सवयीने दांडा डावीकडे रेटला, आणि विमानच डावीकडे कललं.

उजव्या पंखावर भारच नव्हता.

ती तिथे दिसत होती. तिच्या गळ्यातला रुमाल फडफडत होता. लेम घसा फाटेस्तोवर ओरडला. ती त्याच्याकडे बघून हसली.

विमान सूर्याकडे वळलं. ती परत येऊन बैठकीत वाकली. काठावरून बुजगावणं गेलं.

विमान झटक्याने वर उसळलं.

गवत गेल्याने विमान उसळत नाही.

तो कसाबसा उतरला, उडी मारून शेताकडे धावला. एक बाई समोरून येत होती. तिच्या हातांना रक्त होतं.

"लेम तूच का?"

"हो."

"लवकर चल रे बाबा. धुगधुगी आहे अजून. तुझं नाव घेतेय."

"बाई, ते बुजगावणं..."

शेतातून माणसं हळूहळू येत होती. त्यांनी दाराची फळी उचलली होती, तिच्यावर कुणाला तरी निजवलं होतं. कुणाच्याही डोक्यावर टोपी नव्हती.

लेमने मागे वळून पाहिलं. ओपल पुढच्या बैठकीत उभी होती. ठरल्याप्रमाणे हसत, रिकाम्या मैदानाकडे बघून हात हलवत होती.

"ओपल!" त्याने हाक मारली.

ती हात हलवतच राहिली.

"काय रे, लेम?" फळीवरून बारीक आवाज आला.