पायरीवरचे लव्हाळे

ही गोष्ट बनवलेली नाही. ज्याच्यावर बेतली तो फेस्टस अजून त्याच घरात राहतो.

आयर्लंडमधल्या गॉलवेच्या किनाऱ्यावरचं गाव. तीन वर्षांपूर्वीची एकतीस जानेवारी, संत ब्रिजिडच्या सणाची आदली संध्याकाळ.

त्या संध्याकाळी घरची बाई लव्हाळ्यांची जुडी घेऊन बाहेर उभी राहते. तीनदा दार वाजवते. "ब्रिजिड आलीय, आत घ्या," म्हणते. आतले म्हणतात, "ये, तुझंच घर आहे." मग त्या लव्हाळ्यांचे क्रूस विणायचे.

चाळीस वर्षं हा मान फेस्टसच्या बायकोचा, डीलियाचा. आदल्या वर्षी ती थंडीत उभी होती आणि हा टीव्हीसमोरून ओरडला, "दार उघडंच आहे, ये की! कसली नाटकं!"

त्याच मार्चमध्ये डीलिया वारली.

ते वाक्य त्याला सलत राहिलं.

म्हणून त्या वर्षी त्याची बहीण ऑनर आली. "लव्हाळे आणते. आणि या वेळी नीट उत्तर दे, म्हाताऱ्या. नाहीतर जुडी डोक्यात घालीन."

"जा गं. चिखलात पडू नकोस, उचलायला येणार नाही मी."

ती गेली. तो दाराशी खुर्ची ओढून बसला.

दहा मिनिटं झाली असतील...

टक्. टक्. टक्.

बाहेरून कुणी बोललं नाही.

नाव ऐकल्याशिवाय उत्तर द्यायचं नसतं. पोराटोरांनाही ठाऊक असतं.

पण ती थाप... हलकी, थांबत थांबत. डीलियाची.

"ये," तो म्हणाला. "तुझंच घर आहे. ये, डीलिया."

दार उघडलं.

कुणी नव्हतं. पायरीवर लव्हाळ्यांची ओली जुडी.

त्याला घासून काहीतरी गार आत गेलं... मागे डीलियाची खुर्ची करकरली.

तो रडला. आनंदानं.

तेवढ्यात फाटकातून ऑनर आली. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात लव्हाळे. "पडलेच शेवटी! हस आता."

मग तिनं पायरीवरची जुडी पाहिली. उचलली. बुडखे निरखले, त्यांवरून अंगठा फिरवला.

"काय गं?"

"फेस्टस... हे कापलेत."

ब्रिजिडचे लव्हाळे हातानं उपटायचे असतात. त्यांना सुरी-विळ्याचं पातं लावत नाहीत. डीलियानं जन्मात लावलं नव्हतं.

ऑनर मुक्कामाला आली होती. ती थांबली नाही.

फेस्टस मात्र घर सोडत नाही. म्हणतो, डीलियाच असेल, घाईत असेल.

पण खुर्ची करकरली की तो तिकडे बघत नाही.

"आपल्याच तोंडानं 'तुझंच घर' म्हटलं," तो मला हळूच म्हणाला. "आता त्याला 'जा' कसं म्हणू?"