खिडकीची जागा

खिडकीची जागा ताईची, हे घरात कधी ठरलं ते कुणालाच सांगता आलं नसतं. ताईला गाडी लागायची. त्यामुळे बस असो, रेल्वे असो की कुणाची मोटार, ताई खिडकीशी आणि धाकटी आतल्या बाजूला. धाकटीच्या लहानपणच्या प्रवासांत आठवण म्हणून उरलं ते एवढंच: ताईची वेणी, ताईचा कान आणि त्या दोहोंमधून निसटता दिसलेला एखादा पूल. बाहेर काही बघण्यासारखं आलं की ताई काचेवर नखाने टकटक करायची. "बघ, बघ!" धाकटी मान लांब करेपर्यंत ते मागे पडलेलं असायचं.

धाकटी मोठी झाली, एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या काचपट्ट्या तपासू लागली, केसांत पांढरं दिसायला लागलं, तरी नियम बदलला नाही. भाऊजी निवृत्त झाले आणि त्यांनी मोठ्या बोटीवरच्या सुट्टीची टूम काढली, तेव्हा खोल्या ताईनेच ठरवल्या. ताई-भाऊजींना समुद्राकडच्या गॅलरीची खोली आणि धाकटीला आतली.

"तू एकटी. दिवसभर वर भटकशील. झोपायला कशाला लागते खिडकी?" ताई म्हणाली. "आणि मला बोट लागणार. तुला माहीतच आहे."

"माहीत आहे," धाकटी म्हणाली.

बोट कसली, तरंगतं गावच होतं ते. मजल्यावर मजले, नाटकगृह, बर्फावर घसरायचं मैदान, एकावर एक रचल्यासारखे पोहण्याचे तलाव. लिफ्टसमोर कायम गर्दी. लांबच लांब बोळ सगळे सारखे, म्हणून गालिच्यावर निळे मासे विणले होते. माशांची तोंडं ज्या दिशेला ती बोटीची पुढची बाजू, असं ओळखायचं. ही युक्ती धाकटीला आवडली. फक्त तिच्या दारासमोरचा एक मासा आडवा होता, तोंड तिच्या दाराकडे. विणणाऱ्याची चूक असावी.

भाऊजींनी जन्मभर भूगोल शिकवला होता. पहिल्याच जेवणाला त्यांनी काटा उगारून सुरुवात केली. "प्रश्न पहिला. प्रचंड मोठ्या बोटीवरील सुट्टीचे फायदे व तोटे लिहा. गुण पाच. फायदा: सामान एकदाच उघडायचं, गावं आपणहून दारात येतात. तोटा: त्याच गावात आपल्यासोबत सगळी बोट उतरते. फायदा: नवरा-बायको दिवसभर एकमेकांना सापडत नाहीत."

"आणि तोटा?" ताईने विचारलं.

"जेवायला सापडतात."

शेजारच्या टेबलावरचेही हसले. ताई हसली नाही. ती आपल्या गॅलरीचं वर्णन करत होती. पहाटे तिथे खुर्चीत पाय वर घेऊन बसलं की कसं वाटतं, पाण्याचा रंग कसा पालटतो, उडणारे मासे कसे दिसतात. "तू ये ना बघायला," ती म्हणाली. "दुपारी नको, मी झोपते. सकाळी नको, यांचा व्यायाम असतो. पण ये."

गरम सुपाने पोळलेल्या जिभेवरून धाकटीने पाण्याचा घोट फिरवला आणि "छान" म्हटलं.

तिच्या खोलीत पलंग, कपाट, आरसा आणि समोरच्या भिंतीवर दाराएवढा पडदा होता. पडद्यामागे खिडकी नव्हती, स्क्रीन होता. बोटीच्या बाहेर कॅमेरे बसवलेले होते आणि त्यांतून दिसणारा समुद्र आतल्या खोल्यांत जसाच्या तसा दाखवत असत, असं माहितीपत्रकात होतं. आतल्यांच्या समाधानासाठी. पहिल्या दिवशी धाकटीने तो समुद्र पाहिला आणि तिला अपमान झाल्यासारखं वाटलं. तिने पडदा ओढून टाकला.

दुसऱ्या दिवशी खोली आवरणारा टॉवेल बदलायला आला. जाताना भिंतीकडे मान उडवून म्हणाला, "तो पडदा बंदच ठेवा, बाई. स्क्रीन बिघडलाय. मागच्या फेरीपासून काळा पडलाय तो. तक्रार दिली आहे, माणूस येईल."

"पण काल..." धाकटी म्हणाली आणि थांबली. "असू दे. घाई नाही."

तो गेल्यावर तिने पडदा सरकवला. समुद्र होता.

कालच्यापेक्षा चांगला होता. पाणी गडद हिरवं, तळ्यासारखं शांत. ऊन तिरपं. धाकटी पलंगाच्या कडेवर बसून कामावर बसते तशी पाहू लागली, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, काही न गाळता. पायाखाली बोट हळूच एका अंगावर कलत होती, पुन्हा सरळ होत होती; टेबलावरच्या पेल्यातलं पाणी त्याप्रमाणे कडेला चढत होतं. क्षितिज मात्र हलत नव्हतं. सरळ होतं, पट्टीने आखल्यासारखं.

कॅमेऱ्याला स्थिर ठेवणारी यंत्रणा असते, तिने स्वतःला सांगितलं. कारण पुरेसं होतं.

त्या दुपारी क्षितिजावर एक किनारा दिसू लागला. ती वर डेकवर जाऊन आली. वर ढग होते, वारा होता, चहूकडे करडं पाणी होतं आणि जमीन कुठेच नव्हती. खाली आली तेव्हा किनारा थोडा जवळ आला होता. झाडं ओळखू येत होती. झाडांमध्ये एक लांबट पांढरं घर होतं, पुढे व्हरांडा.

तिने कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं तर माणूस येईल, मागची तार बदलेल आणि खिडकीत पुन्हा ताईच्या गॅलरीतलाच समुद्र येईल, उष्टा. ती जेवणाहून लवकर परतू लागली. किल्ल्यांच्या जुडग्याला तिचं घडीचं लहान भिंग असे. त्या भिंगातून तिने एकदा काचेची खालची कड पाहिली. कडेला पांढरी धूळ जमली होती. धुळीचे कण चौकोनी, स्वच्छ, एकसारखे. तिने एक बोटावर घेऊन जिभेला लावला. मीठ.

काचेवर ऊन पडलेलं असे तिथे हात ठेवला की काच कोमट लागे. त्या काचेमागे काय आहे हे तिने बोटीच्या आराखड्यात पाहून ठेवलं होतं: पोलादी भिंत आणि पलीकडच्या खोलीची मोरी.

भीती वाटली का? थोडी वाटली असावी. पण त्याहून मोठं काहीतरी वाटत होतं आणि त्याला तिने नाव दिलं नाही. जन्मात पहिल्यांदा तिच्याकडे असं काही होतं जे ताईकडे नव्हतं.

मग समुद्र बिघडला. बोट केवढीही असली तरी कलायची ती कललीच. न्याहारीला निम्मी टेबलं रिकामी होती. ताई आली ती भाऊजींच्या दंडाला धरून, ओठ पांढरे, कपाळाला घाम.

"रात्रभर लागत होतं गं," ती म्हणाली. "गॅलरीचं दारसुद्धा उघडवेना. ते पाणी वर येतं, खाली जातं, वर येतं... तुझं बरं आहे. तुला काही दिसत नाही."

बोलायचं नव्हतं. धाकटीने चहाचा कप उचललाही होता.

"माझ्या खिडकीत तर तळ्यासारखं आहे," ती म्हणाली.

"कसली खिडकी?"

"माझी."

ताईने भाऊजींकडे पाहिलं. "अहो, ऐकलंत? टीव्हीला खिडकी म्हणते ही."

"मग ये बघायला," धाकटी म्हणाली. "दुपारी चालेल. सकाळी चालेल. केव्हाही ये."

ते शब्द तोंडातून गेल्यावर तिला कळलं की आपण काय केलं. पण तेव्हा ताई उठलीसुद्धा होती.

खाली आपल्या खोलीत धाकटीने पडदा सरकवला. घर आता अगदी समोर होतं. व्हरांड्यात दोन वेताच्या खुर्च्या दिसत होत्या. ताई पलंगावर टेकली. हळूहळू तिच्या ओठांना रंग आला. खांदे सैल पडले.

"इथे लागत नाही गं मला," ती नवलाने म्हणाली. "अजिबात नाही. आणि तू मला सांगितलंसुद्धा नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

"किती लबाड! एवढं घेऊन बसलीस एकटी." ताईने चपला काढल्या, उशी पाठीशी घेतली, पाय वर घेतले. आपल्या घरात बसल्यासारखी. "ऐक. तू माझ्या खोलीत जा. हे आता झोपतीलच, गॅलरी सगळी तुझीच. तुला हवी होती ना? मी इथे पडते जरा. उतरेपर्यंत इथेच राहीन म्हणते. मला लागतं, तुला माहीतच आहे."

धाकटी उभी होती. तिच्या हातात खोलीचं कार्ड होतं. नाही म्हणायला दोन अक्षरं लागतात आणि ती तिने ताईसमोर कधीच उच्चारली नव्हती.

"माहीत आहे," ती म्हणाली.

दार ओढून घेताना तिला नखाची टकटक ऐकू आली. "बघ, बघ!" ताई आतून म्हणाली. धाकटी मागे वळली नाही.

गॅलरीत ती फार वेळ बसली नाही. खुर्ची ओली होती. कठड्यापलीकडे पाणी वर येत होतं, खाली जात होतं, आणि तिला आपल्या खोलीतलं ते हिरवं, सरळ क्षितिज आठवत होतं. घर आता आणखी जवळ आलं असेल. ताई ते बघत असेल.  ती उठली. तिने ठरवलं होतं: आज सांगायचं. ती जागा माझी आहे, ऊठ.

तिने कार्ड लावून दार उघडलं.

पलंग रिकामा होता. उशीला पाठीचा खळगा तसाच होता. चपला जमिनीवर होत्या, जोडीने, भिंतीकडे तोंड करून. भिंतीवरचा पडदा ओढलेला होता.

ताई मोरीत नव्हती. बोळात नव्हती. बोळात टॉवेलांची गाडी लावून उभा असलेला आवरणारा म्हणाला, या दारातून कुणीही बाहेर पडलेलं नाही. मग म्हणाला, बहुतेक.

भोंग्यावरून ताईला हाका गेल्या. तलावांच्या कडेला, नाटकगृहात, लिफ्टपाशी माणसं शोधत फिरली. भाऊजी प्रत्येक मजल्यावर जाऊन आले. एकदा ते धाकटीसमोर उभे राहिले, "एवढ्या मोठ्या बोटीत..." म्हणाले आणि पुन्हा लिफ्टकडे वळले.

सुरक्षा अधिकारी बाई खोलीत आली. तिने पलंगाखाली पाहिलं, कपाटात पाहिलं, पडदा सरकवला.

स्क्रीन काळा होता. तार उपटून कडेला गुंडाळून ठेवलेली होती.

"हा बंदच होता का?" अधिकारी बाईने विचारलं.

धाकटीने तारेकडे पाहिलं. "मी पाहून सांगते," ती म्हणाली, आणि हे उत्तर तिला स्वतःलाच विचित्र वाटलं. पण बाईचं लक्ष नव्हतं. तिच्या खांद्यावरच्या यंत्रातून कुणीतरी बोलत होतं. ती बोलायला बाहेर बोळात गेली. दार अर्धवट लोटलेलं राहिलं.

धाकटी पुन्हा स्क्रीनकडे वळली.

समुद्र नव्हता. व्हरांडा होता, इतका जवळ की वेताची वीण मोजता यावी.

खिडकीकडच्या खुर्चीत ताई बसली होती. अनवाणी.

तिच्या शेजारी, आतल्या बाजूची खुर्ची रिकामी होती.

ताईने हात पुढे केला. काचेवर नखाने टकटक केली. आवाज आला, स्पष्ट. ती हसत नव्हती. ओठ हलत होते. बघ, बघ, असंच असेल. किंवा दुसरं काही असेल.

धाकटीला भीती वाटायला हवी होती. पण तिच्या मनात आलं ते हे: तिथेही खिडकी हिनेच घेतली.

टकटक वाढली. आता ती तळहाताची होती.

धाकटीने पडदा ओढला. दोन्ही बाजूंनी, मध्ये फट न ठेवता.

"काय सांगत होता तुम्ही?" अधिकारी बाई दारात आली.

"बंदच आहे तो," धाकटी म्हणाली. "पहिल्यापासून."

ताई आपल्या खोलीत परत गेली असावी, गॅलरीत गेली असावी, मळमळून वाकली असावी, असं शेवटी ठरलं. समुद्र खवळलेला, कठडा ओला. धाकटीने मान डोलावली. उरलेले दिवस ती भाऊजींच्या खोलीतल्या सोफ्यावर झोपली आणि आपल्या खोलीतलं सामान तिने आवरणाऱ्याकडून मागवून घेतलं.

बंदरावर मोटार उभी होती. चालकाने सामान चढवलं. भाऊजींनी मागचं दार उघडलं आणि सवयीने बाजूला सरून कुणाची तरी वाट पाहत थांबले. मग भानावर आले.

"तू बस खिडकीशी," ते म्हणाले.

धाकटी बसली. काच स्वच्छ होती, आणि काचेला आता कुणाचा कान आड येत नव्हता. बंदराची फाटकं गेली, गोदामं गेली. रस्ता लांब आणि सरळ होता. तिने पाठ टेकवली. बऱ्याच दिवसांनी तिला बरं वाटलं.

मग रस्ता वळला. भाऊजी तिच्या अंगावर कलले, पिशवी आसनावरून घसरली, चालकाने चाक पुरतं फिरवलं.

"तुला लागतंय का?" भाऊजींनी विचारलं. "तुला तर कधीच लागत नाही. ओठ पांढरे पडलेत तुझे."

 धाकटीचं बोट काचेच्या खालच्या कडेवर टेकलं होतं. बोटाला काहीतरी खरखरीत लागलं, मिठासारखं. समोरच्या काचेत रस्ता वळत होता, भाऊजींच्या बाजूला झाडं वळत होती.

तिच्या खिडकीतलं मात्र काहीच वळलं नव्हतं.