चाकावरचा हात

पटो न पटो, हे घडलेलं आहे. मागच्या डिसेंबरात, कांजूरमार्गच्या एका औद्योगिक गाळ्यात. आणि रात्र वगैरे नव्हती.

भर दुपार होती.

मानसी बाळंतपणाच्या रजेवरून नुकतीच परतलेली. रात्रभर तान्ह्या गार्गीने डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता. दूध भरून छाती ठणकत होती. तिला फक्त घरी जायचं होतं.

एकच चाचणी उरली होती.

कंपनी इलेक्ट्रिक स्कूटरचे कंट्रोलर बनवायची. या मोटरला सेन्सर नव्हता. चाक फिरलं की मोटरमध्ये जराशी वीज उमटते, तिच्यावरून कंट्रोलर चाकाचा अंदाज घेतो. पण चाक उभं असलं की तो आंधळा. चढावावर अंदाज चुकला तर स्कूटर मागे घसरणार, वर बसलेल्या माणसांसकट. उभं चाक सुरू करायचं ते गणित मानसीचं होतं.

"रिपोर्टवर सही कर ना यार," तिच्यासोबत काम करणारा केतन म्हणाला. "सकाळपासून एकदाही अडकली नाही. झकास चाललीय. पोरगी वाट बघत असेल तुझी."

तो चहाला खाली गेला.

मानसीने सहज मोटरमधल्या विजेचा आलेख मोठा करून पाहिला...

कंट्रोलरने करंट सोडायच्या आधीच रेषेला बारीक उंचवटा होता.

म्हणजे चाक आधीच हललं होतं.

चाकाजवळ कोणीच नव्हतं. चाकाभोवतीच्या जाळीचं दार बंद होतं.

तिने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तोच उंचवटा. हलका... तळहाताने ढकलल्यासारखा.



असा धक्का एकच माणूस द्यायचा. चाचणीच्या बेंचवर काम करणारे धोंडूकाका. मोटर अडकली की नियम गुंडाळून ठेवून चाकाला हात लावायचे. "काका, अशाने चाचणी खोटी होते!" मानसी ओरडायची. "गो बाय, पोटुशी आसंस तू," ते हसायचे. "काम झाला मां? आता घराक जा."

ती रजेवर असतानाच काका गेले.

सही केली तर लेक कुशीत. पण रस्त्यावरच्या चढावाला मागून हात द्यायला काका थोडेच असणार?

शेजारच्या गाळ्यातलं मशीन थांबलं. एकदम सगळं शांत...

"काका," ती हळूच म्हणाली. "हात काढा ना. मला खरं काय ते बघू दे."

तिने बटण दाबलं.

उंचवटा नव्हता.

मोटर थरथरली, कण्हली... आणि चाक झटकन मागे फिरलं.

केतन वर आला तेव्हा ती सासूबाईंना फोनवर सांगत होती, "आई, तिला वरचं दूध द्या. मला उशीर होईल."

"वाट लागली! आत्ता तर चालत होती. काय केलंस तू?"

"काही नाही रे."

पुढे गणित दुरुस्त झालं. केतन म्हणतो, वायरिंगचा दोष असेल. असेलही. मानसी वाद घालत नाही, तेवढं त्राण कोणात आहे? तिला छळतं ते वेगळंच.

तिने सांगितलं, आणि हात निघाला.

म्हणजे जाळीच्या आत उभं राहून कोणीतरी तिचं बोलणं ऐकत होतं. हात काढल्यावर ते तिथून गेलं का...

हे विचारायचा धीर तिला अजून झालेला नाही.