बंद पडायची वाट बघताना

शुभांगीची गाडी दुरुस्त झाली नाही, तर सगळ्यांत जास्त फायदा तिच्या मेकॅनिकचाच होता. सनीने हे गणित पहिल्याच आठवड्यात मनात मांडलं, आणि उत्तर बघून तो एकटाच लाजला.

दोघांची गाठ पडली ती नाशिकला, पेठ नाक्याच्या सिग्नलवर, एका शनिवारी दुपारी. दिवा हिरवा झाला आणि पुढची पांढरी गाडी, दोन हजार नऊ सालची, चारही कोपरे घासलेली, जागच्या जागी गप्प झाली. मागून रिक्षावाल्यांनी हॉर्नचा गिल्ला केला. सनीने चहाचा ग्लास टपरीवर ठेवला आणि गाडी ढकलत आपल्या गॅरेजच्या दारात आणली.

काच खाली झाली. भाद्रपदातली भुरभुर चालू होती. तिच्या चष्म्यावर तीन-चार थेंब बसले.

"भाऊ, काही करू नका. वीस मिनिटांनी ती आपोआप सुरू होते."

"मग वीस मिनिटं चहा घ्या, मॅडम."

ती हसली. सनीचं लक्ष डॅशबोर्डवर गेलं. काट्यांच्या मधोमध एक ठसठशीत लाल टिकली चिकटवलेली होती.

"हे काय?"

"आईने लावली. म्हणते, तो दिवा सारखा डोळे वटारतो."

त्याने नखाने टिकली उचलली. खाली इंजिनाचं पिवळं चित्र, निमूटपणे जळत होतं.

चहा संपेपर्यंत बरंच कळलं. ती सुरगाण्याच्या शाळेत गणित शिकवायची. आठवडाभर तिकडे, शनिवारी आईकडे, रविवारी परत. गाडी सकाळच्या गारव्यात कधी बंद पडत नाही. तापली की मात्र, वणीच्या पुढच्या घाटात हमखास. आजवर चार मेकॅनिक झाले. चौघांनी स्कॅनर लावून दिवा घालवून दिला आणि चौघांनी सांगितलं, झाली नीट.

"दिवा पुसला की गाडीला काय झालं होतं ते पण पुसलं जातं," सनी म्हणाला. "आजाऱ्याचं तोंड दाबल्यासारखं आहे ते."

"तुम्ही नाही ना पुसणार?"

"मी ऐकून घेतो आधी."

हे ऐकून ती त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली... असं सनीला वाटलं.

पण अडचण वेगळीच होती. तिची आई, सिंधुबाई, यांनी अट घातली होती: गाडी आणखी एकदा घाटात बंद पडली की शुभांगीने नाशिकला बदलीचा अर्ज भरायचा. अर्जाची मुदत पंधरा दिवसांनी, सोमवारी संपत होती.

"दहावीला सतरा मुली आहेत," ती म्हणाली. "माझ्याआधी तीन वर्षं त्यांना गणिताला कोणी नव्हतं. मी निघाले, तर पुन्हा कोणी येणार नाही."

आणि अर्ज भरला तर? तर ती नाशिकला, पेठ नाक्यापासून स्कूटीवर दहा मिनिटं. हेच ते सनीचं गणित.

पुढच्या शनिवारी आणि रविवारी सकाळी दोघं त्या गाडीच्या मागे लागले. दोष पकडायचा तर ती त्यांच्यासमोर बंद पडायला हवी होती, आणि ती पडेना! सनी गाडी चालवायचा, शुभांगी मांडीवर स्कॅनर घेऊन इंजिनाचे फेरे वाचायची. गंगापूर धरणापर्यंत गेले. पाण्यावर ढग टेकले होते. त्र्यंबक रस्त्याला गेले. ओल्या मातीचा वास काचेतून आत येऊन बसला.

"अठराशे पन्नास... अठराशे चाळीस..." ती अंगाईच्या सुरात वाचत होती. "मिस्त्री, समोर बघा."

"समोरच बघतोय."

"समोर म्हणजे रस्त्याकडे."

'भाऊ'चा 'मिस्त्री' कधी झाला ते सनीने विचारलं नाही. मिळालेली बढती कोणी तपासत बसत नाही.

त्याला दोष कळला नव्हता असं नाही. इंजिन फिरतंय की नाही हे गाडीला सांगणारा काडेपेटीएवढा सेन्सर तापला की मुका होत असणार, असा त्याचा दाट संशय होता. नवा सेन्सर त्याने आणूनही ठेवला होता. खिशात.

मुदतीच्या आदल्या दिवशी, रविवारी, तो तिच्याबरोबर सुरगाण्याला निघाला. दिंडोरी गेली, वणी गेली. घाट चढता चढता धुकं खाली उतरलं, आणि उतारावरच्या नागलीच्या शेतांचा हिरवा रंग त्यात विरघळायला लागला.

"दोन हजार शंभर... दोन हजार... सनी, शून्य!"

चाकं अजून फिरत होती, इंजिन मेलं होतं. त्याने गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं.

"रुमाल द्या. ओला करून."

तिने बाटलीतलं पाणी ओतून रुमाल दिला. बोटं गार होती. त्याने तो सेन्सरवर दाबून धरला, मिनिटभर.

"मारा चावी."

गाडी लगेच सुरू झाली. वीस मिनिटं थांबावं लागलं नाही. शुभांगी धावत पुढे आली.

"सापडलं?"

आता "पार्ट मिळायला आठवडा लागेल" एवढंच म्हणायचं होतं. धुकं होतं, साक्षीला कोणी नव्हतं. सनीने इंजिन बंद केलं, खिशात हात घातला आणि सेन्सर काढून तिच्या तळहातावर ठेवला.

"सापडलं. दहा मिनिटांचं काम."

एक बोल्ट, एक सॉकेट. तो हात पुसत उठला तेव्हा ती हाताची घडी घालून उभी होती.

"हा खिशात होता? मग नाशिकलाच का नाही बसवला?"

"अंदाजाने पार्ट बदलायचा नाही... नियम आहे माझा."

"कधीपासूनचा?"

"मागच्या... शनिवारपासूनचा."

ती हसू दाबत होती तेवढ्यात तिचा फोन वाजला. सिंधुबाई.

"त्या मेकॅनिकला दे फोन," स्पीकरवर आवाज आला. "तू खोटं बोलणार नाहीस, पण अर्धंच सांगशील. बाळा, खरं सांग, घाटात बंद पडली का?"

शुभांगीने मान खाली घातली. खोटं बोल, असं तिने डोळ्यांनीसुद्धा सुचवलं नाही.

"पडली, मावशी," सनी म्हणाला.

"मग ठरलं. उद्या अर्ज."

"पण ती शेवटची."

"चौघांनी हेच सांगितलं होतं."

"त्यांनी दिवा घालवला. मी दोष काढलाय. गॅरंटी देतो."

"कागदावर?"

"कागद कशाला... मीच बसतो गाडीत. दर रविवारी सुरगाण्यापर्यंत. एसटीने परत येईन."

"किती दिवस?"

सनी घुटमळला. "तुम्ही... नको म्हणेपर्यंत."

"माझ्या म्हणण्याने काय होतंय? तिला विचार."

धुक्यात दोघं एकमेकांकडे बघत राहिली. त्याच्या गालाला काळं ग्रीस लागलं होतं. ओल्या रुमालाचं कोरडं टोक शोधून तिने ते पुसलं, उगाचच सावकाश.

"चालेल," ती म्हणाली. "नको म्हणायचं... माझ्या तरी लक्षात राहणार नाही, सनी."

फोनमध्ये सिंधुबाईंनी घसा खाकरला. "ऐकू आलं मला. राहू दे तो अर्ज. पुढच्या रविवारी दोघांचा डबा देते. त्याला तिखट चालतं का विचार."

आता या दुरुस्तीचं बिल कोणी भरलं ते बघा. सनीचे रविवार गेले, पण त्याला खर्च कोण म्हणेल? शुभांगीचं काहीच गेलं नाही. सतरा मुलीही राहिल्या आणि रविवारचा सोबतीही मिळाला. मुलगी घरी यावी म्हणून अट घातली ती सिंधुबाईंनी, आणि ती सोडलीही त्यांनीच, रिकाम्या स्वयंपाकघरात फोन कानाशी धरून. आठवड्याचे पाच दिवस सुरगाण्याचे होतेच. उरलेल्या दोनांतला वाटाही त्यांनी त्या दुपारी देऊन टाकला. सगळं त्यांनीच भरलं, आणि पावतीसुद्धा मागितली नाही.